नववीचा संवेग: दोन सोंगट्या मारल्या तर एकच दुप्पट वेगाने का उडत नाही?

फळाखडू
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. नववीचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’, आणि त्यात संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत (संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग; टकरीआधी आणि टकरीनंतर तो एकूण तेवढाच राहतो). पोरं सूत्र घडाघडा म्हणतात, तोफ आणि गोळ्याचं गणित बिनचूक सोडवतात. मग विचारावं, ट्रक आणि रिक्षाची टक्कर झाली, जास्त बल कोणी कोणावर लावलं? अख्खा वर्ग एका सुरात: ट्रकने! न्यूटनचा तिसरा नियम, क्रियेइतकीच उलट प्रतिक्रिया, याच धड्यात झालेला असतो, तोही पाठ असतो.

म्हणून यंदा शिक्षकखोलीतला कॅरम वर्गात नेला. पाच सोंगट्या एकमेकींना चिकटून ओळीत लावल्या आणि सहावी टिचकीने मारली. शेवटची सुटून गेली, बाकीच्या जवळपास जागच्या जागी. वर्ग खूश. मग पट्टीने दोन सोंगट्या एकदम ढकलल्या, तर पलीकडून दोन गेल्या. मी फळ्यावर लिहिलं, आधीचा संवेग = नंतरचा संवेग. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी हजेरीपुरतं तोंड उघडणारी, म्हणाली, “बाई, दोन गेल्या काय आणि एकच दुप्पट वेगाने गेली काय, गुणाकार तोच येतो ना? मग तसं एकदा तरी का होत नाही?”

मी उद्या सांगते म्हटलं. त्याला आज चार दिवस झाले. उत्तर ऊर्जेत आहे एवढं मला कळतं, पण ‘कार्य आणि ऊर्जा’ हा पुढचा धडा, अजून सुरू व्हायचाय. ऊर्जेचं नाव न काढता तिला कसं सांगाल? आणि त्या ट्रक-रिक्षाचं काय करू?

बोरिकपावडर
बाई, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं. पण हातात कॅरम असताना टिचकीने सोंगटी? स्ट्रायकरने काय पाप केलंय?

फळाखडू
आधी स्ट्रायकरच मारला होता हो. तो थांबायचं नावच घेईना. सोंगट्यांच्या मागे तोही चालत गेला आणि सगळी ओळ विस्कटली. त्यात पावसाळी हवेने बोर्ड दमट, पावडरीचे गोळे.

बोरिकपावडर
विस्कटणारच. स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा असतो आणि सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची, म्हणजे जवळपास तिप्पट. बरोबर मधोमध बसला तरी तो निम्म्या वेगाने पुढे जातच राहतो आणि सोंगटी त्याच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगाने पळते. म्हणून तर समोरच्या भोकाजवळची सोंगटी सरळ मारताना हात हलका ठेवायचा, नाहीतर स्ट्रायकरही आत. हे आम्हाला भौतिकशास्त्राने नाही, दंड भरून भरून कळलं.

सहज_सुचलं
मुलीला शंभरपैकी शंभर. ऊर्जा न म्हणता असं सांगून बघा. विजेच्या फिटिंगची केसिंग पट्टी घ्या, दोन्ही टोकं उचलून झोपाळ्यासारखा बाक द्या, मधल्या सपाट भागात गोट्या लावा. एका बाजूने दोन गोट्या १० सेंटीमीटर उंचीवरून सोडा. पलीकडे दोन गोट्या साधारण तेवढ्याच उंचीपर्यंत चढतात, घर्षणाने थोडं कमी. आता ती म्हणते तसं एकच गोटी दुप्पट वेगाने निघाली तर किती चढेल? दुप्पट नाही, चौपट. ४० सेंटीमीटर.

मग वर्गाला विचारा, विहिरीवर असं यंत्र बसवलं तर? दोन बादल्या दहा फूट खाली सोडायच्या आणि एक बादली चाळीस फूट वर चढवायची. ती ओतली की पुन्हा तेच. गावात कोणी पंपाचं वीजबिल भरलं असतं का? पोरं शेतकऱ्यांची असतील तर हे त्यांना फळ्यापेक्षा लवकर पटेल.

गोटीसम्राट
बादलीचं उदाहरण चोरण्यात आले आहे.

गणिती_किडा
सहज_सुचलं, उदाहरण झकास. पण थोडा खोडा घालतो. ‘संवेग आणि ऊर्जा दोन्ही राखायच्या, म्हणून दोन मारल्या की दोनच उडतात’ हे उत्तर सगळीकडे सापडतं आणि ते अपुरं आहे. समीकरणं दोन, सोंगट्या पाच-सहा. एवढ्यावर उत्तर ठरतच नाही.

सोपं बघा. दोन सोंगट्या चिकटून ठेवल्यात, तिसरी ३ वेगाने येऊन आदळली. नेहमीचा निकाल: पहिली थांबते, मधली थांबते, शेवटची ३ ने जाते. आता दुसरा निकाल: पहिली १ वेगाने मागे फिरते, उरलेल्या दोघी २ वेगाने जोडीने पुढे जातात. संवेग: उणे १ अधिक २ अधिक २, बरोबर ३. ऊर्जेसाठी वेगांचे वर्ग: १ अधिक ४ अधिक ४, बरोबर ९. आधीही ३ चा वर्ग ९ च होता. दोन्ही नियम खूश! मग हे का होत नाही?

कारण टक्कर एक नसते, दोन असतात. पहिली मधलीला मारते आणि थांबते. मधली शेवटचीला मारते आणि थांबते. सारख्या वस्तुमानाच्या दोघी समोरासमोर भिडल्या की वेगांची अदलाबदल, एवढंच. सोंगट्या चिकटलेल्या दिसल्या तरी हा निरोप एकीकडून दुसरीकडे जायला क्षणभर लागतो. दोन मारल्या तर पुढचीचा निरोप आधी निघतो, मागचीचा त्याच्या मागून. दोन निरोप, दोन सोंगट्या. आणि यात ऊर्जेचं नाव काढावं लागत नाही, फळाखडूताईंना तेच हवं होतं. मध्ये बोटभर अंतर ठेवून सोंगट्या लावल्या तर एकेक टक्कर डोळ्यांनी दिसेल.

तो दुसरा निकाल बघायचा असेल तर दोन सोंगट्या वरून चिकटपट्टीने जोडा. मग त्यांना जोडीनेच जावं लागेल आणि मारलेली सोंगटी मागे येईल.

सहज_सुचलं
मान्य. माझ्या उत्तराने ‘दुप्पट वेग का नाही’ हे कळतं, ‘दोनच का’ हे नाही.

निमसरकारी
एवढं सगळं नववीला? आम्हाला सरांनी क्रिया-प्रतिक्रिया एका मिनिटात शिकवली होती. कानाखाली काढली आणि म्हणाले, माझ्या हातालाही तेवढंच लागलंय. माझा तेव्हा विश्वास बसला नव्हता.

वाघीणवाला
निमसरकारी, सर बरोबर होते हो. बल सारखंच, गाल आणि तळहात वेगळे.

३१ वर्षं रेल्वेच्या यार्डात काढली, त्यामुळे या धाग्यावर बोलायचा थोडा हक्क समजतो. आम्ही संवेग अक्षय्यता रोज शंटिंगला, म्हणजे डबे जोडता-सोडताना, बघायचो, नाव माहीत नव्हतं. पोरांना देण्यासारखं गणित लिहितो. भरलेली वाघीण (मालडबा) धरा ८० टन, रिकामी २० टन. (कोळशाच्या उघड्या वाघिणीचे आकडे साधारण याच्या आसपास असतात.) भरलेली ताशी ४ किलोमीटरने आली आणि उभ्या रिकामीला भिडून कपलिंग लागलं. दोन्ही मिळून १०० टन, वेग ३.२. रिकामी धक्का खाऊन सोबत निघते. आता उलट करा, रिकामी ४ ने येऊन उभ्या भरलेलीला भिडली. वेग ०.८. गाडी जवळपास जागच्या जागी आणि धडाम आवाज. आमचे जुने जमादार म्हणायचे, रिकामी जास्त बोंबलते.

पुढे मुलाच्या पुस्तकात बघून हिशेब केला तेव्हा कळलं, वाया जाणारी ऊर्जा दोन्ही टकरींत सारखीच, फरक वाट्याचा. पहिल्या टकरीत गतीची ऊर्जा पाचातला एक भाग वाया जाते, दुसऱ्या टकरीत पाचातले चार. ती जाणार कुठे? बफरमध्ये, आवाजात, कपलिंगच्या झटक्यात.

घणाघात
वाघीणवाला काका, काय सांगितलंत! आमचा पिढीजात लोहारकामाचा धंदा, मी मात्र आता फॅब्रिकेशन करतो. तुमची रिकामी-भरलेली म्हणजे आमचा घण आणि ऐरण. ऐरण जड का असते? घण आदळला की ऐरणीने हलायचं नाही, सगळा मार मधल्या तापलेल्या लोखंडात जिरला पाहिजे. ऊर्जा ‘वाया’ गेली तरच विळा तयार होतो. पाचर ठोकताना मात्र उलटं, पाचर आत सरकायला हवी. तिथे हातोडा पाचरीपेक्षा चांगला जड लागतो, नाहीतर पाचरीचं डोकं नुसतं फुलतं. वडील हे बोलून दाखवत नसत, चुकीचा हातोडा उचलला की डोळे वटारत.

गणिती_किडा
+१. पाठ्यपुस्तकात हे दोन प्रतिसाद घालायला हवेत.

कुंभार्लीघाट
ट्रक-रिक्षावर बोलू का? टकरीचा विषय निघालाच आहे तर एक नेहमीचा वाद मिटवा. समोरासमोर दोन गाड्या, दोन्ही १०० च्या वेगाने. म्हणजे २०० ने भिंतीवर आदळल्यासारखंच ना? माझा मेहुणा चारचौघांत ठासून सांगतो.

सहज_सुचलं
नाही. दोन्ही गाड्या सारख्या असतील तर १०० ने न हलणाऱ्या भिंतीवर आदळल्यासारखं. तुमची गाडी १०० वरून शून्यावर आली, भिंतीनेही तेच केलं असतं. समोरच्या गाडीची ऊर्जा समोरच्या गाडीचं बोनट चेपण्यात गेली.

कुंभार्लीघाट
पण सापेक्ष वेग २०० आहे ना?

सहज_सुचलं
आहे. २०० ने *उभ्या गाडीवर* आदळल्यासारखं म्हणा, चालेल. उभी गाडी मागे सरकते, भिंत सरकत नाही. सगळी मेख तिथेच.

कुंभार्लीघाट
मेहुण्याला धागा पाठवला आहे. त्याने ‘वाचतो’ म्हटलंय, म्हणजे वाचणार नाही.

गोटीसम्राट
अवांतर: हिंदीच्या मानसशास्त्रात ‘संवेग’ म्हणजे भावना. माझी बहीण इंदूरला बी.ए. करत होती. ‘संवेग कधी नष्ट होत नाही’ हे माझ्या वहीत वाचून म्हणाली, तुमचं विज्ञान फार हळवं आहे.

निमसरकारी
सेमीवाल्यांना तोही त्रास नाही. त्यांचा मोमेंटम निवडणुकीच्या बातम्यांतच वाढतो.

प्रयोगवही
ट्रक-रिक्षासाठी माझा हमखास उपाय. शाळेत दोन ताणकाटे (स्प्रिंगचे वजनकाटे) असतीलच. एकमेकांत अडकवा. एक टोक वर्गातल्या पैलवानाच्या हातात द्या, दुसरं सगळ्यात किरकोळ पोराच्या. दोघांनी ओढायचं आणि आकडा बाकीच्यांनी वाचायचा. ओढण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहून ठेवायचा, ही अट. बहुतेक जण पैलवानाच्या काट्यावर जास्त आकडा लिहितात. मग पैलवानाला सांगा, तू फक्त तुझा काटा पुढे नेऊन दाखव. ते होत नाही म्हणून तो चिडतो आणि वर्ग जिंकतो.

त्यानंतरच ट्रकवर यायचं. बल सारखं, वेळ सारखा, म्हणून संवेगातला बदलही सारखा. फक्त तेवढाच बदल दहा टनांच्या ट्रकच्या वेगात चिमूटभर दिसतो आणि रिक्षा पार फेकली जाते. पोरांची गडबड शब्दात असते. ‘जास्त बल’ म्हणताना त्यांच्या मनात ‘जास्त नुकसान’ असतं.

कुंभार्लीघाट
शेवटचं वाक्य मेहुण्यासाठी जपून ठेवतो.

फळाखडू
प्रयोगवही, ताणकाटे दोन आहेत, एकाचा काटा शून्यावर येत नाही. चालवून घेईन.

दूरदेशी
मी इकडे ह्यूस्टनला हायस्कूलमध्ये शिकवतो. गाड्यांचे रुळ, सेन्सर, सगळं आहे, आणि तरी पोरं ट्रकच म्हणतात. तेव्हा साधनांच्या नावाने हळहळू नका.

माझं आवडतं उदाहरण आकाशातलं. २६ सप्टेंबर २०२२ ला, आपल्याकडे २७ च्या पहाटे, नासाचं डार्ट यान डायमॉर्फस नावाच्या दगडावर मुद्दाम आदळवलं. यान ६०० किलोच्या आतलं, वेग सेकंदाला ६ किलोमीटरच्या वर, दगड साधारण १६० मीटरचा. तो डिडिमॉस या मोठ्या दगडाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरायचा, टकरीनंतर तो वेळ अर्ध्या तासाहून जास्त कमी झाला. मी वर्गाला विचारतो, यान दगडात रुतून बसलं असतं तर किती ढकललं असतं? तो साधा गुणाकार. प्रत्यक्षात मिळालेला धक्का त्याच्या साधारण साडेतीनपट असल्याचा अंदाज आहे. कारण आदळल्यावर दगडधोंड्यांचा फवारा उलट दिशेने उडाला आणि त्याने दगडाला अजून पुढे रेटलं.

गोटीसम्राट
म्हणजे रुतण्यापेक्षा उसळलेलं बरं?

दूरदेशी
ढकलायचं असेल तर हो. भिंतीवर चिखलाचा गोळा आणि रबरी चेंडू, दोन्ही सारख्या वजनाचे, सारख्या वेगाने फेका. चेंडू सरळ परत येतो, म्हणून भिंतीला जवळपास दुप्पट संवेग देतो.

फळाखडू
मंडळी, काल तास झाला. क्रमाने सांगते.

ताणकाट्यांचा प्रयोग जोरात. आमचा पैलवान म्हणजे तालमीत जाणारा, त्याच्यासमोर सहावीतून उसना आणलेला एक पोरगा. बिघडलेला काटा मुद्दाम पैलवानाला दिला आणि तो किती जास्त दाखवतो ते आधीच फळ्यावर लिहिलं. तरी दोघं-तिघं म्हणाले, बाई, काटा बिघडलाय म्हणून सारखं येतंय! मग अदलाबदल करून पुन्हा. आता ट्रकचा हट्ट निम्म्या वर्गाने सोडला आहे. निम्मा अजून धरून आहे, पण आवाज खाली आलाय.

बोटभर अंतर ठेवून लावलेल्या सोंगट्या फारच छान. एक थांबते, पुढची निघते, ती थांबते, पुढची निघते. मागच्या बाकावरची पुढे येऊन बसली होती. म्हणाली, “म्हणजे चिकटून असल्या तरी आतून असंच चालतं.” मला फळ्यावर काही लिहावं लागलं नाही.

पण गणिती_किडा, तुमची चिकटपट्टी फसली. दोन सोंगट्या वरून जोडल्या, तिसरी मारली. ती मागे आली नाही, सरळ थांबली. जोडी पुढे गेली, पण रखडत. तीनदा केलं. वर्गात मी छातीठोकपणे सांगितलं होतं की मागे येईल.

गणिती_किडा
अरेरे. चूक माझी, खुर्चीत बसून सल्ला दिला. चिकटपट्टी लवचीक असते. टक्कर होऊन निरोप शेवटच्या सोंगटीपर्यंत पोचतो तोवर पट्टीला ताण आलेलाही नसतो, त्यामुळे पहिली नेहमीसारखी मधलीला सगळं देऊन थांबते. मग शेवटची सुटायला बघते आणि पट्टी तिला मागे खेचते. ती दोघींची आपसातली ओढाताण, पहिलीला त्याचा पत्ताच नाही. जोडी रखडली ती त्यामुळे. एकसंध तुकडा हवा होता.

बोरिकपावडर
एकसंध तुकडा बोर्डावरच आहे की! स्ट्रायकर. तीन सोंगट्यांच्या वजनाचा. बाई, आधी तीन सोंगट्या ओळीत लावून चौथी मारा. मग त्या तिघींच्या जागी स्ट्रायकर ठेवून तशीच सोंगटी त्याच्यावर मारा. वजन तेच, निकाल वेगळा.

गणिती_किडा
वा! हिशेबाने सोंगटी निम्म्या वेगाने मागे यायला हवी आणि स्ट्रायकर निम्म्या वेगाने पुढे जायला हवा. प्रत्यक्षात थोडं कमी, कारण सोंगट्या काही पोलादाच्या नाहीत.

आणि हे मारण्याआधी वर्गाला एक गोष्ट सांगा. देकार्तने १६४४ मध्ये टकरीचे सात नियम छापले होते. चौथा म्हणतो, लहान वस्तू उभ्या मोठ्या वस्तूवर कितीही वेगाने आदळू दे, मोठी जागची हलत नाही, लहान आपल्याच वेगाने परत फिरते. एवढा मोठा गणिती! पुढे १६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने टकरीचे नियम कोणी सांगेल का म्हणून विचारणा केली, तेव्हा वॉलिस, रेन आणि हायगेन्स या तिघा शास्त्रज्ञांनी आपापली उत्तरं पाठवली. हायगेन्सने तर संथ चाललेल्या नावेतला माणूस आणि काठावरचा माणूस एकच टक्कर बघतायत अशी कल्पना करून देकार्तला खोटं पाडलं. तुमच्या स्ट्रायकरवर पोरं काय पैज लावतात बघा.

फळाखडू
आज केलं. पैज: स्ट्रायकर हलणार नाही, वर्गातले सव्वीस. हलेल, अकरा. सोंगटी स्ट्रायकरला लागून मागे आली, साधारण दोन-अडीच बोटं. स्ट्रायकर चार बोटं पुढे सरकला. सव्वीस जणांना सांगितलं, तुम्ही देकार्तच्या पक्षातले. ते भलतेच खूश झाले, हरल्याचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

तास संपताना ती मुलगी विचारत होती, “बाई, सोंगटी मागे आली म्हणजे स्ट्रायकरला सोंगटीकडे होता त्यापेक्षा जास्त संवेग मिळाला?” मी वजा चिन्ह लिहून दाखवलं. तिने वहीत मांडलं: आधी ५ गुणिले २ म्हणजे १०. नंतर स्ट्रायकर १५ गुणिले १ म्हणजे १५, सोंगटी उणे ५. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “दहातून पंधरा दिले आणि पाचाची उधारी राहिली.”

दूरदेशी, तुमचं यान उद्या सांगते. बोरिक पावडर संपली आहे, तोवर आकाशातच जावं लागेल.

बोरिकपावडर
पत्ता कळवा, डबा पाठवतो.